संगणकातील ग्राफिक्स कार्ड : कार्य, इतिहास आणि निवड

वर्धा शहराला लागून ज्या मोठ्या ग्रामपंचायती वाढल्या, त्यांत सिंदी मेघे हे एक ठळक नाव आहे. शेजारी बोरगाव मेघे आणि सावंगी मेघे ही तशीच गावे. (सेलू तालुक्यातील सिंदी रेल्वे हे गाव वेगळे.) शहर वाढते तसे अशा गावांच्या शिवारात नवे ले-आउट पडतात, घरे उभी राहतात आणि त्याबरोबर कार्यालयातील नोंदी वाढतात. कर आकारणीची नोंदवही, जन्ममृत्यूचे दाखले, ले-आउटचे नकाशे, पाणीपट्टीचा हिशेब ही सर्व कामे आता संगणकावर होतात. शाळेतही संगणक आहे. पाचसात वर्षांनी तो जुना होतो आणि नव्या खरेदीचा विषय मासिक सभेपुढे येतो.

त्या वेळी पुरवठादारांच्या दरपत्रकात एक ओळ हमखास आढळते. ती म्हणजे ग्राफिक्स कार्ड. एका दरपत्रकात ते असते, दुसऱ्यात नसते आणि दोहोंच्या किमतीत बराच फरक पडतो. हा फरक कशाचा, याची कल्पना नसेल तर सभेला दोनच मार्ग उरतात. महाग ते चांगले मानून पैसा खर्च करणे किंवा स्वस्त ते बरे मानून अपुरे यंत्र पदरात घेणे. दोन्ही प्रकारांत खर्च जनतेच्या पैशाचा होतो. म्हणून हे कार्ड म्हणजे नेमके काय, ते कोणते काम करते आणि कोणाला त्याची गरज आहे, हे प्रत्येक पंचायत सदस्याने, शिक्षकाने आणि अधिकाऱ्याने समजून घेणे उपयुक्त ठरेल.

पडद्यावरील चित्र म्हणजे काय?

संगणकाला चित्र कळत नाही, अक्षरही कळत नाही. त्याला फक्त अंक कळतात. पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र हे अतिशय बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. रांगोळी काढताना प्रथम ठिपके मांडतात, त्याप्रमाणे पडद्यावर ठिपक्यांच्या आडव्या आणि उभ्या ओळी असतात. आज कार्यालयात सामान्यपणे आढळणाऱ्या पडद्यावर एका आडव्या ओळीत १,९२० ठिपके असतात आणि अशा १,०८० ओळी असतात. म्हणजे एकूण ठिपके झाले २०,७३,६००.

यांतील प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन अंकांनी ठरतो. तांबडा किती, हिरवा किती आणि निळा किती, हे ते तीन अंक. प्रत्येक अंक ० ते २५५ पर्यंत असू शकतो. त्यामुळे एका ठिपक्याला १,६७,७७,२१६ छटांपैकी कोणतीही छटा घेता येते. ठिपक्यांचे हे सारे अंक ज्या स्मृतीत ठेवलेले असतात, तेथून ते ओळीने वाचले जातात आणि पडद्याकडे पाठविले जातात. हे काम एकदा करून भागत नाही. पडदा साधारणपणे दर सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटला जातो. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपके पडद्याकडे जातात. पडद्यावर काहीच हालत नसले, तरी हे काम अखंड चालू असते.

अंकांवरून ठिपके तयार करणे, ते स्मृतीत सांभाळणे आणि वेळेवर पडद्याकडे पोहोचविणे, हे काम ज्या भागाकडे सोपविलेले असते तो भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. ती एक आडवी पट्टी असते आणि संगणकाच्या मुख्य फलकावरील खाचेत ती बसविली जाते. तिच्यावर चार गोष्टी असतात. पहिली, गणिते करणारी मुख्य चिप. दुसरी, त्या चिपची स्वतःची स्मृती. तिसरी, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पाकळ्या आणि पंखा. चौथी, पडद्याची तार जोडण्याची तोंडे.

एक मुनीम आणि शंभर वेचणाऱ्या

संगणकात गणिते करण्यासाठी मुख्य प्रक्रियक असतोच. मग वेगळ्या चिपची गरज काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही कपाशीच्या शेतात मिळेल.

कापूस वेचणीला आला म्हणजे शेतात वेचणाऱ्या स्त्रियांची रांग लागते. प्रत्येकीच्या वाट्याला एकेक ओळ असते. प्रत्येकीचे काम अगदी सारखे आणि साधे. बोंडातून कापूस काढावयाचा आणि ओटीत टाकावयाचा. एकीच्या कामासाठी दुसरीला थांबावे लागत नाही. म्हणून दहा बाया लावल्या तर जे काम दहा दिवस चालेल, ते शंभर बाया लावल्यास एका दिवसात उरकते. याउलट बाजारात कापूस गेल्यावर वजन, दर, कपात आणि चुकारा यांचा हिशेब करणाऱ्या मुनिमाचे काम वेगळे असते. एक आकडा निघाल्याशिवाय पुढचा निघत नाही. तेथे एकाच्या जागी शंभर मुनीम बसविले, तरी हिशेब शंभरपट वेगाने होणार नाही.

संगणकाचा मुख्य प्रक्रियक हा त्या मुनिमासारखा आहे. तो अवघड आणि एकातून एक निघणारी कामे फार वेगाने करतो. त्याच्यात गणिते करणारे गाभे थोडे असतात. कार्यालयीन संगणकात ते बहुधा चार ते सोळा असतात, पण प्रत्येक गाभा कुशल असतो. ग्राफिक्स कार्डावरील चिप ही वेचणाऱ्यांच्या रांगेसारखी आहे. तिच्यात शेकडो किंवा हजारो लहान गाभे असतात. त्यांतील एकेकाचे कौशल्य मर्यादित असते, पण सर्व जण एकच क्रिया वेगवेगळ्या ठिपक्यांवर एकाच वेळी करतात. वीस लाख ठिपक्यांचा रंग ठरविणे हे मुनिमाचे काम नव्हे, ते वेचणीचे काम आहे.

हाच दाखला आणखी एका बाबतीत उपयोगी पडतो. वेचलेला कापूस प्रत्येक वेळी गावातील कोठीत नेऊन टाकावा लागला, तर निम्मा दिवस चालण्यातच जाईल. म्हणून तो शेताच्या धुऱ्यावरच गोळा करतात. कार्डावरील स्वतःची स्मृती म्हणजे तो धुरा होय. ती चिपच्या अगदी जवळ असते, म्हणून हजारो गाभ्यांना लागणारे अंक ती वेळेवर पुरवू शकते.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. आजच्या बहुतेक कार्यालयीन संगणकांत वेगळे कार्ड नसले, तरी पडदा उजळतोच. याचे कारण, ठिपके रेखाटणारा एक लहान भाग मुख्य प्रक्रियकाच्या चिपमध्येच अंतर्भूत केलेला असतो. त्याला स्वतःची वेगळी स्मृती नसते. तो संगणकाच्या मुख्य स्मृतीतील काही हिस्सा वापरतो. साध्या कामाला तो पुरेसा असतो. ‘कार्ड नाही म्हणून चित्र दिसणार नाही’ असे कोणी सांगितले, तर ते बहुतेक संगणकांच्या बाबतीत खरे नसते.

पडद्यावर मराठी कशी आली?

ग्राफिक्स कार्डाचा इतिहास बहुधा खेळांच्या अंगाने सांगितला जातो. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचे एक वेगळे आणि महत्त्वाचे प्रकरण आहे.

आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यासोबत पडद्यासाठी दोन प्रकारची कार्डे मिळत. एक केवळ अक्षरांचे होते. त्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे २,००० अक्षरे मावत. दुसऱ्यावर रंगीत चित्र काढता येई, परंतु त्याची स्मृती अवघी १६ किलोबाइट होती. तेवढ्या जागेत आडवे ३२० आणि उभे २०० असे ६४,००० ठिपके आणि फक्त चार रंग बसत. १९८७ साली आलेल्या व्हीजीए या पद्धतीने ही मर्यादा वाढवून आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके व १६ रंग दिले.

अक्षरे दाखविण्याची जुनी रीत मोठी काटकसरीची होती. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असे आणि त्या अक्षराचा ठिपक्यांचा साचा कार्डावर कायमचा कोरलेला असे. असे साचे एकूण २५६. प्रत्येक साच्यासाठी एक ठरावीक चौकट होती. अक्षरांच्या कार्डावर ती आडव्या ९ आणि उभ्या १४ ठिपक्यांची होती. रोमन लिपीला हे पुरेसे होते, कारण तिची अक्षरे एकापुढे एक सुटी उभी राहतात. देवनागरीचे तसे नाही. तिला शिरोरेषा आहे, वर वेलांटी आणि मात्रा आहेत, खाली उकार आहेत आणि जोडाक्षरे तर शेकडो आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी उच्चारात मागाहून येते, पण कागदावर आधी लिहावी लागते. हे सारे २५६ साच्यांत आणि एकाच मापाच्या चौकटीत बसणे शक्य नव्हते.

महाराष्ट्रात राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला होता आणि शासनाचा कारभार मराठीत चालावा हे धोरण होते. परंतु जो संगणक कार्यालयात येऊ लागला होता, त्याच्या पडद्याला मराठी येत नव्हती. अर्जदाराचे नाव यंत्रात रोमन अक्षरांत लिहावे लागे आणि त्यातून नावांची जी मोडतोड होई, ती निस्तरणे कर्मचाऱ्याच्या वाट्याला येई.

या अडचणीवर उपाय भारतातच शोधला गेला. कानपूर येथील आयआयटीमध्ये १९८० नंतरच्या दशकात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित केले. मार्च १९८८ मध्ये पुणे येथे ‘सी-डॅक’ ही प्रगत संगणन विकास संस्था स्थापन झाल्यावर हे काम पुण्यास आले आणि जिस्ट कार्ड तयार झाले. संगणकाच्या खाचेत हे कार्ड बसविले म्हणजे त्या काळच्या डॉस प्रणालीवरील शब्दलेखनाचे आणि नोंदींचे प्रचलित कार्यक्रम देवनागरीत आणि इतर भारतीय लिप्यांत चालविता येत.

त्यामागील विचार समजण्यास सोपा आहे. अक्षराचे रूप साठवावयाचे नाही, त्याचा उच्चार साठवावयाचा. ‘क्ष’साठी वेगळा क्रमांक नाही. क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक ओळीने ठेवावयाचे. त्यांवरून पडद्यावर कोणते रूप काढावयाचे, हे कार्डाने ठरवावयाचे. ‘इस्की’ नावाची ही सांकेतिक पद्धती भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. आपल्या लिप्या ब्राह्मीपासून निघालेल्या असल्यामुळे एकच क्रमांक देवनागरीत ‘क’, गुजरातीत ‘ક’च्या जागी उभा राही, एका लिपीतील मजकूर दुसऱ्या लिपीत उमटविणे त्यामुळे शक्य झाले. याच सुमारास, १९९१ मध्येच, जागतिक युनिकोड पद्धतीची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधारावर झाली.

पुढे मुख्य प्रक्रियक वेगवान झाले आणि सर्वसाधारण कार्डेही हवा तो ठिपका हव्या त्या रंगात दाखवू लागली. मग लिपीसाठी स्वतंत्र कार्डाची गरज उरली नाही आणि हे काम प्रणालीनेच आपल्याकडे घेतले. जिस्ट कार्ड वापरातून गेले. मात्र त्याने घालून दिलेली रीत, म्हणजे उच्चार साठवणे आणि रूप यंत्राने घडविणे, आजही चालू आहे. दाखल्यावर छापली जाणारी प्रत्येक मराठी ओळ त्याच रीतीने तयार होते.

चित्राकडून गणिताकडे

१९९० नंतरच्या दशकात खेळांमुळे कार्डांना नवे वळण मिळाले. पडद्यावर हलणारी मोटार किंवा डोंगर यांसारखे घनाकृती दृश्य यंत्र हजारो लहान त्रिकोणांनी बनविते. पाहणाऱ्याची जागा बदलली की प्रत्येक त्रिकोणाची जागा, त्यावर पडणारा प्रकाश आणि रंग यांचे गणित नव्याने करावे लागते. प्रत्येक त्रिकोणाचे गणित एकाच प्रकारचे असते. म्हणजे पुन्हा वेचणीचे काम. अमेरिकेत १९९३ साली स्थापन झालेल्या एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये हे सर्व गणित कार्डावरच करणारी चिप काढली आणि तिला ‘जीपीयू’, म्हणजे चित्रप्रक्रियक, हे नाव रूढ केले.

तद्नंतर संशोधकांच्या ध्यानात आले की, हवामान, भूकंपलहरी, औषधातील रेणू यांची गणितेही अशीच असतात. एकच क्रिया लाखो आकड्यांवर करावयाची असते. मग ती या स्वस्त चिपकडूनच का करून घेऊ नयेत? २००६-०७ मध्ये एनव्हिडियाने ‘कुडा’ ही कार्यप्रणाली आणली आणि चित्राशी संबंध नसलेली गणितेही कार्डावर करणे सुलभ झाले. २०१२ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या, खेळांसाठी बनविलेल्या केवळ दोन कार्डांवर, सुमारे बारा लाख छायाचित्रांच्या आधारे यंत्राला वस्तू ओळखण्यास शिकविले. या शिक्षणाला पाच ते सहा दिवस लागले. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, तिच्या सध्याच्या लाटेला येथून मोठी गती मिळाली.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

या कार्डांचा चित्राशिवाय होणारा वापर पाहावयाचा तर परदेशी जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे विशाल मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. आकाशातून येणाऱ्या लहरी सर्व तबकड्या एकाच वेळी टिपतात आणि प्रत्येक तबकडीच्या लहरींचा मेळ इतर प्रत्येक तबकडीच्या लहरींशी घालावा लागतो. तीस तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे गणित सारखेच, पण ते क्षणोक्षणी आणि न थांबता करावे लागते. दुर्बिणीच्या अद्ययावत यंत्रणेत हा मेळ घालण्याचे काम चित्रप्रक्रियकांकडे दिलेले आहे. ज्या वस्तूचा जन्म खेळातील मोटारी दाखविण्यासाठी झाला, तीच दूरच्या आकाशगंगांचा वेध घेण्याच्या कामी आली आहे.

दुसरे उदाहरण पुण्यातील सी-डॅकचे. ही संस्था निघाली त्याला एक पार्श्वभूमी होती. १९८० नंतरच्या दशकात भारताला हवा होता तितका शक्तिशाली महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला. तेव्हा तो देशातच बनविण्याचे ठरले आणि त्या कामाचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे आले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा हे त्यांचे जन्मगाव. म्हणजे तेही विदर्भाच्या मातीतलेच. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात एकच प्रचंड प्रक्रियक नव्हता. अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडून त्यांच्याकडून काम वाटून करून घेण्याची योजना त्यात होती. शंभर वेचणाऱ्यांचेच हे तत्त्व.

तीन दशकांनंतर त्याच संस्थेने ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक उभारला. त्यात प्रत्येकी आठ चित्रप्रक्रियक असलेली ४२ यंत्रे, म्हणजे एकूण ३३६ चित्रप्रक्रियक आहेत. यांतील एका चित्रप्रक्रियकात गणिते करणारे ६,९१२ लहान गाभे असतात. या महासंगणकाची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे ५.२ पेटाफ्लॉप्स आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत त्याला ६३ वा क्रमांक मिळाला होता.

गावाच्या कामाशी संबंध

हे सर्व दूरचे वाटले तरी त्याची फळे गावापर्यंत आलेली आहेत. केंद्र शासनाने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात गावठाणावरून ड्रोन उडवून छायाचित्रे घेतली जातात आणि त्यांवरून मिळकतींचे नकाशे तयार होतात. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे अशा मोजणीचा प्रारंभिक प्रयोग झाला होता. ड्रोनने घेतलेली शेकडो छायाचित्रे एकमेकांवर जुळवून, त्यांतील तिरपेपणा काढून एकसंध नकाशा बनविणे हे कोट्यवधी ठिपक्यांचे गणित आहे. अशा कामाला चित्रप्रक्रियक लावला तर वेळेत मोठी बचत होते. रुग्णालयात सीटी स्कॅन आणि एमआरआय यंत्रे शरीराची जी छेदचित्रे देतात, ती घडविण्यासही हेच तंत्र उपयोगी पडते. मराठी बोलणे ऐकून ते लिहून देणारे किंवा भाषांतर करणारे कार्यक्रम अशाच चिपवर शिकविले जातात.

या कामासाठी लागणारी साधने महाग असल्याने, केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये मंजूर केलेल्या सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ अभियानात दहा हजारांहून अधिक चित्रप्रक्रियक संशोधकांना आणि नव्या उद्योगांना वापरावयास उपलब्ध करून देण्याची तरतूद ठेवण्यात आली. म्हणजे यंत्र विकत न घेता त्याचा वेळ घेण्याचा मार्ग खुला झाला.

कोणत्या कामाला काय हवे?

खरेदीपूर्वी सभेने एकच प्रश्न विचारावा. या संगणकावर नेमके कोणते काम होणार आहे?

१. पत्रव्यवहार, दाखले, कर आकारणी, हिशेब, शासनाच्या संकेतस्थळांवरील नोंदी, दूरदृश्य बैठका. या कामांना वेगळे कार्ड लागत नाही. प्रक्रियकात अंतर्भूत असलेला भाग पुरेसा आहे. कार्डाचे पैसे वाचवून ते अधिक मुख्य स्मृती आणि वेगवान साठवण चकती यांवर खर्च केल्यास कामाचा वेग प्रत्यक्षात वाढतो.

२. शाळेतील अध्यापन, प्रक्षेपकावर चित्रफिती दाखविणे, विद्यार्थ्यांना प्राथमिक कार्यक्रमलेखन शिकविणे. येथेही अंतर्भूत भाग चालतो. एका संगणकात महाग कार्ड घालण्यापेक्षा त्या रकमेत विद्यार्थ्यांसाठी आणखी एक साधा संगणक आला, तर त्याचा लाभ अधिक मुलांना मिळेल.

३. ले-आउटचे मोठे नकाशे, ड्रोनची छायाचित्रे, इमारतींचे घनाकृती आराखडे, चित्रफितींचे संपादन. हे काम कार्यालयात रोज होत असेल, तर मध्यम प्रतीचे स्वतंत्र कार्ड उपयुक्त ठरते. वर्षातून एकदोनदा होत असेल, तर ते तालुका किंवा जिल्हा स्तरावरून करून घेणे अधिक किफायतशीर आहे.

४. कृत्रिम बुद्धिमत्तेचे कार्यक्रम नुसते वापरणे. ते गणित बहुधा दूरच्या केंद्रात होते आणि उत्तर तेवढे आपल्या पडद्यावर येते. त्यासाठी चांगली इंटरनेट जोडणी हवी, कार्ड नव्हे.

दरपत्रक तपासताना घ्यावयाची काळजी

‘दोन जीबीचे कार्ड’ एवढाच उल्लेख दरपत्रकात असेल, तर तो अपुरा समजावा. जीबी हे फक्त स्मृतीचे माप आहे. धुरा मोठा असला म्हणून वेचणाऱ्या बाया वाढत नाहीत. दहा वर्षांपूर्वीच्या हलक्या प्रतीच्या कार्डावर दोन जीबी स्मृती असली, तरी आजच्या चांगल्या प्रक्रियकातील अंतर्भूत भाग त्याच्याहून सरस असू शकतो. म्हणून कार्डाचे पूर्ण नाव, क्रमांक, ते बाजारात आल्याचे वर्ष आणि त्याला लागणारी वीज यांची मागणी लेखी करावी.

विजेचा विचार तर अवश्य करावा. मुख्य फलकावरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. ती जुन्या धाटणीच्या एका छताच्या पंख्याइतकी आहे. त्याहून मोठ्या कार्डाला वेगळी तार जोडावी लागते. ३०० वॅटचे कार्ड रोज सहा तास पूर्ण भाराने चालले, तर दिवसाला १.८ आणि पंचवीस दिवसांत ४५ युनिट वीज जाते. जुन्या संगणकाचा वीजपुरवठा भाग एवढा भार पेलू शकत नाही, इन्व्हर्टरही लवकर संपतो.

उष्णता हा विदर्भातील विशेष प्रश्न आहे. वर्ध्यात मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांवर जातो. कार्डाची चिप ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की, स्वतःला वाचविण्यासाठी ती आपला वेग आपणच कमी करते. बंद, कोंदट खोलीत आणि धुळीने भरलेल्या पंख्यासह चालणारे महाग कार्ड उन्हाळ्यात निम्म्या मोलाचे काम करते. संगणक भिंतीपासून थोडा दूर ठेवणे, झडपांवर कागद किंवा कापड न टाकणे आणि वीज बंद करून धूळ नियमितपणे काढणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत.

यंत्र आल्यावर दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी. पडद्याची तार कार्डाच्या तोंडाला जोडली आहे की मुख्य फलकाच्या, हे मागे पाहावे. ती चुकून फलकाला जोडली गेली, तर चित्र अंतर्भूत भागाकडूनच येत राहते आणि पैसे मोजून घेतलेले कार्ड बहुतेक वेळ रिकामे बसते. दुसरे असे की, विंडोज प्रणालीत ‘टास्क मॅनेजर’ उघडून ‘परफॉर्मन्स’ या भागात पाहिल्यास जीपीयूचे नाव, त्याची स्वतःची स्मृती आणि त्या क्षणी त्याच्यावर असलेला भार दिसतो. दरपत्रकातील नाव आणि पडद्यावरील नाव एकच असल्याचे पाहूनच देयक मंजूर करावे. शाळेतील शिक्षकांनी हीच तपासणी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून करून घेतली, तर तो एक चांगला प्रात्यक्षिक पाठ होईल.

जिस्ट कार्ड ज्या काळी आले, त्या काळी त्याची गरज खरी होती. त्याच्यावाचून मराठी माणसाचे नाव त्याच्या लिपीत पडद्यावर उमटत नव्हते. गरज संपली तेव्हा ते कार्डही बाजूला झाले. कार्यालयासाठी यंत्र निवडताना हीच कसोटी लावणे इष्ट होय. हजार हात कामाला लावावयाचे तर आधी हजार हातांचे काम असावे लागते. ते असेल तेथे खर्च करण्यास कचरू नये आणि नसेल तेथे साध्या यंत्रावर काम भागवून उरलेला पैसा गावाच्या दुसऱ्या गरजेला द्यावा. असा निर्णय घेण्यासाठी पंचायतीच्या सभेत कोणी तंत्रज्ञ असलाच पाहिजे असे नाही. दरपत्रकातील त्या एका ओळीचा अर्थ ठाऊक असणारा एखादा सदस्य असला, तरी तो पुरेसा आहे.